वाटेवर बसायचं नाही

भिवराबाई गेली तेव्हा मी रडले नाही. मी आधी गेले असते तर तीही रडली नसती. एवढ्या एका बाबतीत आम्हा दोघींचं एकमत होतं.

ती माझ्या नवऱ्याची विधवा आत्या. आमच्याच घरात राहायची, माझ्याच हातची भाकरी खायची आणि खाऊन झालं की भाकरीला नावं ठेवायची. पण घर हे काही तिचं राज्य नव्हतं. तिचं राज्य डोंगरात. माझं सासर बालाघाटाच्या पायथ्याला, माहेर वर पठारावर, आणि दोन्हींच्या मधे निजाम सरकारचं जंगल. त्या जंगलातून एक पायवाट वर चढायची. तिला आम्ही घाटी म्हणायचो. गाडीरस्ता होता, नाही असं नाही. पण तो डोंगराला वळसा घालून जाणार आणि मधे कुठंतरी मुक्काम पाडणार. घाटीनं मात्र न्याहरी करून निघालेलं माणूस जेवायच्या वेळेला वर पोचायचं. सासुरवाशिणीला हा फरक काय असतो ते सांगायला नको.

दर पावसाळ्यात ही घाटी मोडायची. ओढे तिच्या अंगावरून उड्या मारायचे, दगड सुटायचे, तरवड आणि बोरी दोन्हीकडून वाट गिळायच्या. मग दसरा झाला की जंगल खात्याकडून आमच्या गावची टोळी कामाला लागायची. झाडोरा तोडायचा, सुटलेले दगड परत बसवायचे, पाणी वाट कापू नये म्हणून ठिकठिकाणी आडव्या चरी काढायच्या. टोळीचा मुकादम पूर्वी भिवराबाईचा नवरा होता. तो गेला, तिचं सुतक फिटलं, आणि ती त्याची पहार उचलून कामावर येऊन उभी राहिली. जंगलाच्या दारोग्यानं विचारलं, "मुकादम कोण?" ही म्हणे म्हणाली, "पहार कोणाच्या हातात हाय ते बगा की." त्यानं बघितलं. पुढं कुणी विचारलं नाही.

दिसायला ती बुटकी, रुंद, जमिनीत अर्धी पुरल्यासारखी. लुगड्याचा कासोटा गुडघ्यापर्यंत ओढलेला, आणि पदराखाली डोक्याला नवऱ्याचं जुनं मुंडासं गुंडाळलेलं. दगडाची कपची उडून एक डोळा अर्धा मिटला होता. त्या अर्ध्या डोळ्यानं तिला इतरांच्या दोन्ही डोळ्यांपेक्षा जास्त दिसायचं, आणि जे दिसायचं ते सगळं वाईटच असायचं. कुणी बसवलेला दगड पसंत पडला की ती बाजूला मिश्रीची पिंक टाकायची. तेवढीच शाबासकी. नापसंत पडला की मात्र तोंड सुटायचं, आणि ते दगडावरून सुरू होऊन माणसाच्या आज्यापर्यंत जायचं.

माणसांना ती नावानं हाक मारायचीच नाही. ज्याचे दगड हलायचे तो सैल्या. जो एक दगड उचलून दोनदा पाणी प्यायचा तो तहान्या. मी 'वरली'. म्हणजे वरच्या गावची. तिच्या लेखी ही शिवीच. माझ्या माहेरचे लोक भर पावसात गुरं घाटीनं खाली हाकायचे आणि खुरांनी तिची वाट उखडायची. ते सगळं पाप लग्नाच्या मांडवातून माझ्या पदरात बांधून आलं होतं.

आता माझंही सांगते, नाहीतर नातवंडं म्हणतील आजी दुसऱ्याचंच उकरते. मी लग्न होऊन आले ती नक्षत्रासारखी. असं माझं मत होतं. दुसऱ्या कुणी ते बोलून दाखवल्याचं आठवत नाही. टोळीत बायकाही जायच्या, मग मलाही धाडलं. पहिल्या दिवशी मी कशी गेले? पायांत जोडवी, डोळ्यांत काजळ, अंबाड्यात झेंडूचं फूल. दगड फोडायला! माझ्याकडे पाहून दगड आपोआप बाजूला होतील असा माझा समज असावा.

दुपारपर्यंत काजळ गालावर आलं. मग सीताफळाच्या सावलीत, वाटेच्या मधोमध, मी मस्त मांडी घालून बसले आणि भाकरी सोडली. वर ठेचा, कांदा. पहिला घास तोंडात जातोय तोच भिवराबाई आली, माझ्या मांडीवरची भाकरी उचलली आणि दरीत भिरकावली. कशी? बायका शेणाचा पो टाकतात तशी.

"वाटंवर बसायचं न्हाई," ती म्हणाली.

"मंग कुठं बसू?" मी म्हणाले. सासरी येऊन चार महिने झालेल्या पोरीनं असं विचारायचं नसतं हे मला माहीत होतं. मी तरी विचारलं.

"बोरीत बस. दरीत बस. तुज्या बापाच्या टकुऱ्यावर बस. वाट चालणाराची आस्ती."

त्या दिवशी मी उपाशी दगड उचलले. उचलता उचलता सटवाईला नवस बोलले: हिचा पाय मोड, तुला नारळ वाहीन. सटवाईनं नवस अर्धा ऐकला. दुसऱ्या दिवशी माझ्याच टाचेत बोरीचा काटा गेला. तो काढताना भिवराबाई म्हणाली, "वरलीचं रगत बी पाण्यासारकं हाय." नारळ मी वाहिला नाही.

माझा नवरा गरीब माणूस. त्याला काही सांगायला गेलं की तो आधी आत्याकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग बैलाला पाणी दाखवायला निघून जायचा. आमच्या बैलाएवढं पाणी साऱ्या परगण्यात कुठला बैल पीत नसेल.

काम संपत आलं की भिवराबाईची परीक्षा असायची. वर डोंगराच्या कपाळाशी एक झरा आहे. तिथं घागर काठोकाठ भरायची, डोक्यावर घ्यायची, दोन्ही हात सोडायचे आणि घाटी उतरायची. पाणी जिथं सांडेल तिथला दगड वाईट. मागून येणारा माणूस तिथं पळसाचं पान ठेवायचा. मग पान असेल तिथला दगड उकरून पुन्हा बसवायचा, आणि पुन्हा घागर. एकही पान न पडता ती खाली आली की घाटी पक्की. तोवर कच्ची. कच्च्या घाटीवरून जनावर न्यायचं नाही, ओझं न्यायचं नाही. तिनं स्वतःच्या मेलेल्या दिराची तिरडीसुद्धा गाडीरस्त्यानं फिरवली होती असं लोक सांगायचे. मला ते खोटं वाटायचं. दिवाळीत पटलं.

पहिली दिवाळी. मला न्यायला दादा मुराळी म्हणून येणार होता. मी सकाळपासून बोचकं बांधून उंबऱ्यात. जेवायची वेळ झाली, दादा नाही. उन्हं कलली, दादा नाही. शेवटी टोळीतला सैल्या खाली आला आणि मान खाली घालून म्हणाला, "वैनी, तुमचा भाऊ आलता. बैलावर फराळाचं, लुगडं, सगळं घेऊन आलता. म्हातारीनं मधूनच माघारी लावला."

भिवराबाई घाटीतून उतरली तेव्हा मी दारात उभी. तोंडाला तोंड द्यायचं ठरवूनच.

"माज्या भावाला कावून हाकललं?"

"बैल आणला व्हता."

"बैलावरच आणत्यात दिवाळीचं! डोक्यावर काय कढई घिऊन येईल?"

"माती वली हाय. बैलाच्या एका खुरानं वाटीएवढा खड्डा पडतो. तेवड्या खड्ड्यात पाणी बसतं आन सालभरात वाट जाती. त्येला म्हणलं, बैल हितं बांध आन तू एकला चालत जा. न्हाई म्हणला. आईनं लुगडं धाडलंय, ते सोडून कसा येऊ म्हणला. मंग जा म्हणलं."

"माजी दिवाळी गेली."

"पुढल्या साली बी येती," ती म्हणाली आणि मिश्रीची डबी उघडून बसली.

दादा पुढं आयुष्यभर सांगायचा की दगड चांगले पक्के झाले होते, म्हातारीनं उगाच अडवलं. मी आजही दादाच्या बाजूची. त्या रात्री मी जेवले नाही, आणि कुणाचं लक्षही गेलं नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुप्पट जेवले.

त्यानंतर आमचं वैर उघड झालं. ती मला मुद्दाम वाईट काम द्यायची. मधल्या वळणावर एक मोठी आडवी चर होती. ओलांडताना पाय टेकायला तिच्या काठाला एक सपाट दगड लागायचा, आणि तो दगड बसवायचं काम तिनं माझ्यावर घातलं. मी बसवला. ती टाचेनं दाबायची, दगड कुचकन वाजायचा. "काड." मी काढायची. खाली खडी भरून बसवायची. "काड." टोळी पुढं निघून गेली, तरी मी तिथंच त्या दगडाशी. मी त्याला नाव ठेवलं होतं: भिवरा. त्याला घणानं ठोकताना हात आपोआप जोरात चालायचा. शेवटी एकदा तिनं टाच दाबली, दगड गप्प राहिला. तिनं पिंक टाकली. ती माझ्या पायाजवळ पडली, पण तेवढं चालायचं.

आणि अशात दारोगा आला. तट्टावर बसून, मागं शिपाई, थेट घाटीनं वर. भिवराबाई वाटेत आडवी उभी राहिली, पहार दोन्ही हातांत.

"घोड्यावरनं उतरा."

"ये बुढ्ढी, मी सरकारचा माणूस हाय."

"तुमी असाल. घोडं न्हाई. खूर लागत्यात. उतरा आन घोडं माघारी न्या."

तो उतरला, पण त्याचं तोंड लाल झालं होतं. आपल्याच शिपायांसमोर उतरावं लागलं ना. मग त्यानं मनातलं काढलं. "अच्छा. आता ऐक. ही घाटी बंद व्हणार. सरकारला जंगल राखायचं हाय. वाट हाय म्हणून लोक घुसतात, लाकडं चोरतात. दोन दिसांनी बडे साब दौऱ्यावर येतायत. मी त्येंना सांगणार, घाटी धोक्याची हाय, माणसं पडतात, बंद करा. गाडीरस्ता हाय की सगळ्याला." आणि तट्टाचा लगाम धरून तो पायी खाली उतरला.

घाटी बंद म्हणजे दोन्ही गावं एकमेकांना पारखी. वरचा बाजार, झऱ्याचं पाणी, सोयरीक, सगळं गेलं. गाडीरस्त्यानं, मुक्काम करून, सुनेला माहेरी कोण नेतं? बाळंतपणाला आणि मयताला. मधलं माहेर संपलंच. मी भिवराबाईकडे पाहिलं. ती पहारीला म्हणत होती, "बंद करतोय म्हणं."

बडे साहेब आले. वयानं थोराड, शेरवानी, लाल रुमी टोपी, आणि घोड्याचा कंटाळा आलेला चेहरा. घाटीच्या पायथ्याच्या उंबराखाली त्यांना खुर्ची टाकली. साऱ्या गावानं गोल केला. दारोग्यानं आपलं म्हणणं मांडलं. भिवराबाई पुढं झाली. साहेबांपुढं वाकली नाही. पहार तेवढी आडवी खाली ठेवली, ते तिचं वाकणं.

"घाटी धोक्याची म्हणत्यात हे. मी वरून भरली घागर आणते. हात न लावता. पाणी सांडलं तर बंद करा. न्हाई सांडलं तर राहू द्या."

साहेबांना मजा वाटली. पण दारोगा काही मूर्ख नव्हता. तो म्हणाला, "हुजूर, हिची सारी जिंदगी ह्या घाटीत गेली. ही तर डोळे मिटून उतरंल. त्यात वाटेचं काय साबित झालं?"

साहेब म्हणाले, "बात सही है."

भिवराबाई गप्प झाली. तिला गप्प झालेली मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मग तिचा अर्धा डोळा बायकांवरून फिरत आला आणि माझ्यावर थांबला.

"मंग ही आणंल."

"कोण ही?"

"आमची सून. साऱ्या गावाला इचारा, हिच्यावानी पाणी सांडणारी बाई न्हाई. हिरीवरनं घरी येस्तवर घागर आर्दी आन ही पुरी वली. हिच्या डोक्यावरनं सांडलं न्हाई, तर मंग वाट चांगली का न्हाई तुमीच बोला."

गाव हसला. साहेब हसले. माझा नवरा बैलाला पाणी दाखवायला गेला. आणि दुःखाची गोष्ट म्हणजे ती बोलली त्यातलं अक्षर खोटं नव्हतं.

मला शिपायाबरोबर वर धाडलं. त्याच्या हातात पळसाची पानं. झऱ्यावर मी घागर भरली. तिथून माझ्या माहेरच्या देवळाचा कळस दिसतो. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि मग खाली पाहिलं, जिथं ती म्हातारी उभी होती. आणि माझ्या लक्षात आलं की आज ती माझ्या हातात आहे. हातात कुठली, मानेत. मान एवढीशी कलली की तिचं तोंड साऱ्या गावासमोर काळं. माझी फेकलेली भाकरी, माझी गेलेली दिवाळी, 'वरली' 'वरली', सगळं एका हेलकाव्यात फिटणार. पण घाटी गेली तर तो कळसही गेला.

मी उतरू लागले. सारी वाट माझ्या मनात हेच युद्ध: सांडू की नको? मी आपल्या मनाशी फार मोठी बाई झाले होते. एका मानेवर दोन गावांचं दैव तोलणारी! खरी गोष्ट अशी की माझी मान भीतीनं इतकी ताठ झाली होती, की मी ठरवून वाकवायची म्हटली असती तरी वाकली नसती. पाणी वर डुबुक डुबुक करत होतं. मागं शिपाई पानं हातात घेऊन टपलेला. पाय मात्र पडतील तिथं बसत होते. एक दगड हलला नाही. एका फांदीनं पदर धरला नाही.

मधल्या वळणावर ती मोठी चर आली. इथं पाय लांब टाकावा लागतो. डोक्यावर घागर, खाली बघता येत नाही. मला वाटलं, संपलं. डोळे मिटून पाय टाकला. तो 'भिवरा'वर पडला. माझ्या दगडावर. दगडानं चूं केलं नाही. एवढ्या शिव्या मी त्याला दिल्या होत्या, पण त्यानं त्याचा राग धरला नाही. माझा स्वभाव तसा नाही.

उंबराखाली पोचले तेव्हा शिपायाच्या हातात सगळी पानं तशीच होती. साहेबांनी उठून घागरीत डोकावलं. काठाशी पाणी. "रास्ता रहने दो," ते दारोग्याला म्हणाले आणि घोड्याऐवजी मेणा मागवता येईल का याची चौकशी करू लागले. लोकांनी गलका केला. कुणीतरी माझ्या कपाळाला हळद लावली. मी वाट पाहत होते ती म्हातारी काय म्हणते याची. निदान आज तरी.

ती आली. घागरीत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, पायापासून वरपर्यंत.

"वाट चांगली हाय," ती म्हणाली. "बाई हाय तशीच हाय."

मी घागर उतरवली ती तिच्या पायांवरच ओतली. सगळी. साहेबांसमोर, गावासमोर. भिवराबाईनं ओले पाय बघितले, पहार उचलली आणि जाता जाता मागं न बघता म्हणाली, "घाटी पक्की झाली. जा आता तुज्या वर. आन भावाला सांग, बैल आणायचा तर रिकामा आण."

मी दुसऱ्या दिवशी माहेरी गेले. तिचा राग काही गेला नाही, माझाही नाही. त्यानंतर वर्षानुवर्षं आम्ही एका घरात राहिलो, भांडलो, एकमेकींच्या हातचं खाल्लं आणि त्याला नावं ठेवली. लोकांना वाटतं अशा गोष्टीत शेवटी गळाभेट होते. आमच्यात ती झाली नाही, आणि झाली असती तर दोघींनाही घाण वाटली असती.

ती गेली त्या थंडीच्या आधीची दिवाळी. मला लेकरं झाली होती, ती माहेरीच ठेवून मी एकटी घाटीनं उतरत होते. टोळीला आता दुसरा मुकादम होता, पण म्हातारी पहार घेऊन रोज वर जायचीच. तिला अडवायची कुणाची छाती नव्हती. मधल्या वळणाच्या जरा वर मला ती दिसली. वाटेवर नाही. वाटेखाली, उतारावर, बोरीच्या काट्यात बसलेली. पाय खाली सोडलेले, पहार मांडीवर, छाती लोहाराच्या भात्यासारखी हलतेय. लुगड्याला काटे लागलेले. हातभर वर सपाट, कोरडी, रिकामी वाट.

"आत्याबाई, वर येऊन बसा की. कोण न्हाई वाटंवर."

"वाटंवर बसायचं न्हाई."

"मंग हात द्या. खाली नेते."

"कावून? मी काय लाकडाचा भारा हाय?" दम लागत होता, तरी वाक्य पुरं केलं. मग तो अर्धा डोळा माझ्यावर रोखून म्हणाली, "हुबी काय ऱ्हायलीस वाट आडवून? चाल. मागची माणसं खोळंबल्यात."

मी मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. वरपर्यंत रिकामी घाटी आणि ऊन.

मी निघाले. वळण घेतलं. तिथं माझा तो दगड होता, चरीच्या काठाचा, इतक्या पावसाळ्यांतून तसाच गप्प बसलेला. मी थांबले. एक टोकदार कपची शोधली, दगडाच्या कडेला घातली, आणि टाचेनं असा काही उचकटला की तो कुचकन वाजत एका अंगानं वर आला. माझ्या हातासाठी ती उठणार नव्हती, हललेल्या दगडासाठी उठली असती. मग पदर सावरून, मान ताठ करून, भराभरा उतरत राहिले. वर पाहिलं नाही.

बऱ्याच वेळानं, मी जवळजवळ उंबराशी आले असेन, तेव्हा वरून पहार वाजली. एकदा. मग थांबून पुन्हा. आणि तिच्या मागोमाग डोंगर दणाणून सोडणारी एक शिवी, माझ्या सगळ्या माहेराच्या नावानं.